हार्ड लक

शाळेत संगीतशिक्षिकेची एकच जागा होती. माझ्या आत्तेबहिणीची, मेधाची, मुलाखत उत्तम झाली आणि जागा संस्थेच्या अध्यक्षांच्या सुनेला मिळाली. अध्यक्ष दारातून बाहेर आले, मेधाकडे पाहून हसले, "हार्ड लक" म्हणाले आणि मोबाइल कानाला लावून जिना उतरले.

बाकावर बसलेल्या आत्याने मला विचारलं, "हाड म्हणाला का रे तो? माझ्या पोरीला?"

मला हसू आलं नाही, संताप आला. नशिबाला बोल आपणही लावतो. पण ‘नशीब फुटकं’ म्हणणारा माणूस निदान शेजारी टेकतो, पाण्याचा तांब्या पुढे करतो. हे हार्ड लक, बॅड लक, बेटर लक नेक्स्ट टाइम चालता चालता म्हणता येतं. स्वतः केलेली गोष्ट नशिबाच्या माथी मारायची, तीही अशा इस्त्री केलेल्या इंग्रजीत, की समोरच्याने वर थँक यू म्हणावं. मेधा तसं म्हणालीही.

आत्या अजून माझ्याकडेच बघत होती. अर्थ सांगायला मी तोंड उघडलं, आणि म्हटलं, "हो आत्या. हाडच म्हणाला."