पतीचे नाव सांगा

देवासच्या एका कॉलेजात कृत्रिम बुद्धिमत्तेवर राष्ट्रीय परिषद होती आणि आमची लेक तिथे आपलं संशोधन मांडणार होती. मी धारचा शिंपी, मला त्यातलं काडीचंही कळत नाही. तरी बायकोला घेऊन सकाळीच पोचलो. दारात कोणीतरी गळ्यात पट्टा अडकवला, त्यावर 'प्रतिभागी' लिहिलेलं. भाग कशात घ्यायचा, ते मात्र कोणी सांगेना. भिंतीभर चौकोन आणि बाण काढलेले कागद लटकत होते. दिल्लीचे एक प्रोफेसर बराच वेळ बोलले. लोक मध्येच हसले म्हणून मीही हसलो, तर नेमके तेव्हाच सगळे गप्प झाले.

लेकीचं काम तेवढं ऐकून माहीत होतं. दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशी कॉम्प्युटर आमच्या माळव्यातल्या हिंदीमिश्रित मराठीत बोलणार आणि त्यांची माहिती टिपून घेणार. आज प्रयोग नीट झाला, तर तिच्या कॉलेजातल्या सरांच्या मोठ्या प्रकल्पात तिला नोकरी मिळणार होती. बोलायला तिने आईलाच स्टेजवर बसवलं. घरी पुष्कळदा सराव झाला होता.

"काय त्रास होतो?" कॉम्प्युटरने विचारलं.

"अहो, घुटने दुखतात हो! सीढ्या चढवत नाहीत," बायको ऐटीत म्हणाली. पडद्यावर अक्षरं बरोबर उमटली. लोक खूश झाले.

"पतीचे नाव सांगा."

बायको खुर्चीत चुळबुळली. मग तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "हे काय, तिथे बसलेत."

"पतीचे नाव सांगा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. घरी सराव करताना हा प्रश्न आला, की शिलाई मशीनवर बसल्या बसल्या मीच ओरडून नाव सांगायचो. लेकीच्याही ते इतकं अंगवळणी पडलेलं, की तिला त्यात काही खटकलंच नव्हतं.

मी अर्धवट उठलो. पुढच्या रांगेतल्या परीक्षकाने हात केला, "अंकलजी, बैठिए. बाहर से मदद नहीं." आता उठू की बसू? ओरडलो तर लेकीचा प्रयोग गेला, गप्प बसलो तरी गेलाच. त्या कॉम्प्युटरचा असा राग आला! एवढा हुशार आहेस, तर तेवढं समजून घे की. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बायकोने तिच्याकडे पाहिलं. पदर डोक्यावर ओढून घेतला, मान खाली घातली आणि माझं नाव घेतलं. नुसतं नाव. पुढे 'राव' नाही, मागे उखाण्याची ओळ नाही.

"धन्यवाद. पतीचे वय?"

टाळ्या पडल्या. कोणासाठी, ते मला कळलं नाही. मी वाजवल्या नाहीत. लाज वाटत होती की आनंद होत होता, ते अजूनही सांगता येत नाही.

लेकीची नोकरी पक्की झाली. परतीच्या वाटेवर इंदूरला बस बदलायची होती; तिथवरच्या बसमध्ये मी बायकोला म्हटलं, "एकदा परत म्हण की."

"गप बसा," ती म्हणाली आणि कंडक्टरकडे वळली, "भिया, दो इंदौर के देना."

लेकीने स्टेजवरचं ते रेकॉर्डिंग माझ्या फोनवर पाठवलंय. आमचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे. परवा तिथे एकटा असताना मी ते लावलं. बायकोचा आवाज आला, माझं नाव आलं आणि माझ्या तोंडून आपसूक 'ओ' निघून गेली.

आतून तिने विचारलं, "अहो, कोणाला ओ देताय?"