ओर्नेलिओचा मासा

आमच्या गावात कोणी थाप मारली की लोक म्हणतात, "ओर्नेलिओचा मासा!" हा ओर्नेलिओ माझा धाकटा भाऊ, आणि हे ऐकून माझे कान किटलेत. तरुणपणी शेवंडं धरायला तो खोल खडकांत उतरला आणि तिथल्या कपारीत त्याला बोटाएवढा, गोळ्यांच्या बरणीतून निसटल्यासारखा रंगीत मासा दिसला. झालं! तेव्हापासून लग्न नाही, धड मासेमारी नाही. मासा गावाला जिवंत दाखवायचा, एवढा एकच ध्यास. पण वर आणेपर्यंत त्या माशाचं पोट फुगायचं, रंग उडायचा, आणि हा मेलेला पांढुरका जीव तळहातावर घेऊन धक्क्यावर उभा. लोक म्हणायचे, "गळाला लाव रे, काहीतरी खरं मिळेल."

एकदा घाईने वर आला आणि कंबर धरली ती कायमची. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा खोल उतरलास तर चालणं विसर. तरी यंदा हा गुपचूप उतरलाच. मासाही माणसासारखाच सावकाश वर आणायचा, ही अक्कल आता सुचली होती. त्याने भोकं पाडलेल्या बरणीत मासा ठेवला आणि बरणी दोरीने होडीखाली टांगली. रोज थोडी थोडी वर ओढायची. होडी कोणाची? माझी!

आणि त्याच आठवड्यात मारियामातेची होड्यांची मिरवणूक. माता कोणाच्या होडीत बसणार याची चिठ्ठी निघते. नवरा गेल्यानंतर प्रथमच आमच्या होडीचं नाव निघालं होतं. मी होडी रंगवली, फुलं बांधली, आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

"दोरी सोड, खाली बरणी लोंबत ठेवून होडी चालायची नाही," मी म्हटलं.

"ताई, एकच दिवस. उद्या तो वर येतो."

"माता उद्यापर्यंत थांबेल का? दुसऱ्या होडीला बांध."

"सगळ्याच मिरवणुकीत आहेत. नुसता तरंगता डबा लावला तर त्यांच्या इंजिनांच्या पंख्यांत दोरी कापली जाईल."

"कापू दे! बोटभर माशासाठी मातेला पायी चालवू?"

"पाण्यातला चष्मा लावून एकदा डोकं तरी बुडव. खाली दिसतोय बघ."

"मी नाही बघत तुझा मासा!"

त्याने पुढे वाद घातला नाही. सणाच्या पांढऱ्या सदऱ्यासकट पाण्यात उडी मारली, होडीची दोरी सोडून उजव्या मुठीत धरली आणि म्हणाला, "जा. मीच डबा." माझ्या होडीत ढोल घेऊन बसलेला फ्रेन्सेल हसून हसून आडवा झाला. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मातेला घेऊन आम्ही निघालो. मागे गावाच्या सगळ्या होड्या, गाणी, ढोल. ओर्नेलिओला वळसा घालताना मी त्याच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं. माता त्याच्यासमोर आली आणि आईने मारून मारून आम्हाला जे शिकवलं तेच त्याने केलं. क्रुसाची खूण: उजवा हात कपाळाला, छातीला, खांद्याला. दुसऱ्या खांद्याशी हात पोचला तेव्हा त्याला कळलं. दोरी गेली होती, आणि यंदाच्या त्या बुडीनंतर तिच्यामागे पुन्हा बुडी मारायची कंबर राहिली नव्हती. त्याचं तोंड बघून मला रडू आलं, रागही आला, आणि थांबताही येईना.

किनाऱ्यावर जेवणं सुरू झाली. ओर्नेलिओ ओल्या कपड्यांत बाकावर बसला होता.

"काय रे, मासा मातेला वाहिलास वाटतं?" फ्रेन्सेल ओरडला. सगळे हसले.

माझं डोकंच फिरलं. मातेच्या चौरंगावर हात ठेवून मी म्हटलं, "मी बघितलाय मासा! आज सकाळी. निळाशार, अंगभर पिवळे ठिपके."

हसणं थांबलं. माझ्या शब्दावर गावात कोणी हसत नाही.

"अंगावर ठिपके नसतात गं ताई," ओर्नेलिओ म्हणाला.

मी डोळे वटारले. हा गाढव थांबेल तर ना!

"आडवे पट्टे असतात. केशरी आणि जांभळे. निळी फक्त शेपटीवरच्या ठिपक्यांची कड. तू बघितलाच नाहीस."

ज्याच्यासाठी मी मातेच्या पायाशी खोटं बोलले, त्यानेच मला भर गावात उघडं पाडलं. मी कपाळावर हात मारून घेतला. पण कोणीच हसलं नाही. फ्रेन्सेलने हातातली थाळी खाली ठेवली.

"शेपटीवर ठिपके किती?" त्याने विचारलं.

"दोन," ओर्नेलिओ म्हणाला, आणि बाकावर सरकून त्याला जागा करून दिली.