फाईल मिटल्यावर

लिहिण्याचा मला फारसा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तोही समाजकार्याच्या पदविकेला. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

अभ्यासासाठी मला वस्तीतलं एक कुटुंब दिलं आहे. दर आठवड्याला जायचं, अडचणी विचारायच्या, फाईलमध्ये नोंदवायच्या. शांतामावशी चार घरची धुणीभांडी करतात. मी फाईल उघडली की त्या पदर सावरून उभ्या राहतात.

"काही अडचण?"

"न्हाई साहेब, समदं बरं हाय."

तीन आठवडे मी तेच लिहिलं. चौथ्या वेळी फाईल मिटून चहा घेत होतो, तेव्हा त्या समोर बसल्या. "पोरीला ऐकू येत न्हाई. नऊ वर्सांची झाली, शाळा ठावं न्हाई तिला."

"मावशी, आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी लिवून घेत व्हता. मागं एकानं असंच लिवून नेलं, आन् झोपडीवर नोटीस आली."

माझी आईसुद्धा कागद घेऊन कोणी आलं की अशीच उभी राहते, मोजकं बोलते. लहानपणापासून पाहिलेलं हे मला वस्तीत ओळखायला तीन आठवडे लागले.

कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत आम्ही अर्ज केला. जागा एकच होती. महिनाभर काहीच कळलं नाही. काल कॉलेजातून निघताना मावशींचा फोन आला.

"पोरीचं नाव लागलं रे! सोमवारी सोडायला जायाचंय. तू पन चल संगं."