बायकोनं घातलेलं गाऱ्हाणं

मी दुसरी यत्ता बघितलेला माणूस. मनाचे आजार वगैरे शब्द माझ्या तोंडी शोभत नाहीत. पण एकीचं मन ताळ्यावर येताना मी बघितलंय, म्हणून सांगतो.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. लालबागच्या खोलीत आमचा पहिला मुलगा बारशाआधीच गेला. आमच्यात एवढ्या पोराला जाळत नाहीत, पुरतात. दहावं नाही, तेरावं नाही, आठवण काढायला नावसुद्धा नाही. चाळीतल्या बायकांनी झोळी सोडून माळ्यावर टाकली आणि रडू नको, दुसरा होईल, असं हिला बजावलं. मीही तेच म्हणालो. तेव्हापासून ही बोलेनाशी झाली. ताट पुढ्यात ठेवलं की नुसती बघत बसायची. गिरणीचा डॉक्टर म्हणाला, ठाण्याला न्या. ठाण्याला म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात. मी म्हटलं, मी मेल्यावर न्या. मग त्यानं मिशनच्या दवाखान्यातल्या एक बाई पाठवल्या. दुखावलेल्या माणसांजवळ बसणं, त्यांचं ऐकणं, हेच त्यांचं काम.

बाई नगरकडच्या, ख्रिस्ती. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. मी दारातच पाट टाकून बसलो आणि सांगून टाकलं, "बाई, या घरात येशूचं नाव निघालं तर चहा मिळणार नाही."

"ते मी जिन्यातच घेऊन आलेय, दादा," बाई म्हणाल्या. "त्याच्याशिवाय माझ्याच्यानं असल्या घरात बसवत नाही. चहात साखर कमी घाला."

पुढं त्या येत राहिल्या. हिच्याशेजारी बसून तांदूळ निवडायच्या, हिचा हात हातात घ्यायच्या. उपदेश एक नाही. शेजारी मला चिडवायचे, आज बायकोला बाटवतील, उद्या तुझ्या टकलावर पाणी शिंपडतील. मी म्हणायचो, शिंपडू देत, उन्हाळा आहे.

एका संध्याकाळी मी सभेला निघालो होतो. खिशाला बिल्ला लावत होतो, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "दादा, दिल्लीला जाब विचारायला तुम्ही रोज मैदानात जाता. हिनं कुणाला विचारायचा?"

मी म्हटलं, देवाला कोण जाब विचारतं?

"माझ्या प्रभूनं विचारला. क्रुसावर, मरताना, 'माझ्या देवा, मला का टाकलंस' म्हणून. म्हणून तर मला त्याचा धीर वाटतो."

आता मला गप्प बसवेना. म्हटलं, तुमचाच देव ऐकतो असं समजू नका. आमच्या कोकणात देवासमोर गाऱ्हाणं घालतात. मानकरी उभा राहून सगळं दुखणं बोलून दाखवतो, आणि दर वाक्याला माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात.

"मग हिला घालू द्या."

"बायका घालत नाहीत."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

तेवढ्यात आतून आवाज आला. इतके दिवस न वापरलेला, घोगरा.

"बा देवा म्हाराजा, माझो झील व्हेलंस."

माझा मुलगा नेलास, एवढंच देवाला बोलून ती थांबली. गाऱ्हाण्याला मागून साथ लागते. नाही मिळाली, तर ते पुढं सरकत नाही. एवढं मी बाईंना सांगितलं नव्हतं. त्या डोळे मिटून बसल्या होत्या, ओठ हलत होते. चाळीत तर चिडीचूप. ही माझ्याकडे बघत होती. अजून एक क्षण गेला असता तर ती पुन्हा मिटली असती, हे मला कळत होतं.

मी बिल्ला काढून ठेवला, उभा राहिलो, हात जोडले. "व्हय म्हाराजा."

"पाळण्यात घालूक पण दिलंस नाय."

"व्हय म्हाराजा."

"माका रडूक पण कोणी दिल्यान नाय."

यात मीही आलो होतो. तरी म्हटलं, व्हय म्हाराजा. मग ती जी रडली, ती कंदील लागेपर्यंत रडली. बाईंनी तिला कुशीत घेतलं आणि हळूच आमेन म्हणाल्या. मी ऐकलं. घरात येशूचं चालू देणार नाही म्हणणारा मी, तिथंच उभा होतो. हात अजून जोडलेलेच होते.

सभा बुडाली. हिनं पदरानं नाक पुसलं आणि मला म्हणाली, "बघतास काय? बाईंका च्या करा. साखर कमी."

मी शेगडी पेटवायला बसलो.