महालक्ष्मीच्या खोलीतला अलार्म

२०२२ साल. मी सदुसष्ट वर्षांचा. कुंभार पिंपळगावात कौशल्याबाईंच्या घरापुढं उतरलो, तर दारात चपलांचा ढीग. आत आरती चाललेली. गल्लीतल्या बाया नारळ घेऊन उभ्या होत्या आणि एकमेकींना सांगत होत्या, "महालक्ष्मी हलली गं. काल हलली, आज सकाळी बी हलली. मशीन बोंबललं म्हणून तर कळलं."

ते मशीन मी बसवलेलं.

मी चौथीपर्यंत शिकलो. जालन्यात एका रोलिंग मिलमध्ये वायरमन म्हणून उमर गेली. रिटायर झाल्यावर घरांना बर्गलर अलार्म बसवायचं काम धरलं. आता लोक बिनतारी मागतात, मोबाईलवर चालणारं. मी वायरवालंच बसवतो. ज्याला पटत नाही त्यानं दुसरा माणूस बघावा. वायर हाताला लागते. कुठं बिघडलं ते तिच्या मागं मागं गेलं की सापडतं.

हे काम कसं चालतं ते सांगतो. अवघड काही नाही. भिंतीतून तारेचं एक कडं फिरवायचं. त्यात बारीक करंट सदा चालू. दाराच्या फळीला लोहचुंबक, चौकटीला स्विच. त्याला कॉन्टॅक्ट म्हणतात. दार उघडलं की कडं तुटतं, पॅनलला, म्हणजे मुख्य पेटीला, कळतं, आणि बाहेरचा हूटर ओरडतो. चोरानं तार कापली तरी कडं तुटतंच, तरी ओरडतो. एकेका कड्याला झोन म्हणतात. जिथं किमती माल असतो, त्या खोलीत वर कोपऱ्यात सेन्सर लावतात. पांढरी डबी असते. तिला माणूस दिसत नाही, फक्त हलणारी ऊब दिसते. दिसली की डबीवर लाल ठिपका लागतो. सिस्टिम चालू ठेवायची म्हणजे खोलीत कोणी थांबायचं नाही, हा नियम.

कौशल्याबाई विधवा. घरापुढच्या भागात त्यांची पिठाची गिरणी. एकट्या राहतात, गिरणी स्वतः चालवतात. मुलगा सचिन पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीला. भादव्यात तीन दिवस महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, माहेराला येतात, तेव्हा घरातलं असेल नसेल ते सोनं त्यांच्या अंगावर जातं. त्या वर्षी आजूबाजूला चोऱ्या झाल्या होत्या. सचिननं आईला सांगून टाकलं, "पुढच्या वर्षीपासून मुखवटे पुण्याला न्यायचे. इथं राखायला कोण आहे?"

मुखवटे सासूच्या सासूपासून याच गावात. ते गेले की आपल्यालाही नेतील, गिरणीला कुलूप लागेल, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. पॅनल बसवत होतो तेव्हा शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "दादा, माझं हितं राहणं आता तुमच्या मशीनवर हाय बरं."

मी म्हणालो, "बिलकुल काळजी करू नका."

आणि आता हे.

सणाला आलेला सचिन मला बघून दारातच आला. "काका, तुमचं मशीन खोटं बोलतंय. घरात कोणी नाही आणि ओरडतंय. आईला खोटा धीर द्यायचा आणि वर गावभर तमाशा. आज संध्याकाळपर्यंत ठीक झालं तर झालं, नाहीतर उखडून न्या. मुखवटे पुण्याला जातील, विषय संपला."

"माझं मशीन खोटं बोलत न्हाई," मी म्हणालो.

"मग काय महालक्ष्मी हलली?"

"ते बी मी म्हणलो न्हाई."

आम्ही बौद्ध माणसं. आमच्या घरात महालक्ष्म्या बसत नाहीत. पण दुसऱ्याच्या घरातल्या देवीपुढं चप्पल काढून जायचं एवढं मला कळतं.

सगळ्यांना बाहेर काढून काम सुरू केलं. पॅनलवर बघितलं, दोन्ही वेळा झोन तीन. म्हणजे महालक्ष्म्यांचीच खोली. पंखा बंद होता. समईची ज्योत हलते, तिची ऊब सेन्सरला दिसू शकते. पण ते मी बसवतानाच धरलं होतं, त्या बाजूनं सेन्सरच्या तोंडाला पट्टी लावली होती. डबीत कधी पाल शिरते. उघडून बघितली, साफ होती. जॉइंट बघितले. बॅटरी बराबर. तरी पिशवीतला नवा सेन्सर काढून लावला, दार लावलं, सिस्टिम चालू केली, बाहेर येऊन चहाचा कप हातात घेतला.

हूटर ओरडला.

बाहेरच्या बायांनी हात जोडले. एक म्हातारी रडायलाच लागली.

कप तसाच ठेवला. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. दाराचा कॉन्टॅक्ट गप्प. खिडकीचा कॉन्टॅक्ट गप्प. म्हणजे बाहेरून कोणी आत गेलंच नव्हतं. जे हललं होतं ते आतलंच होतं. आणि ते गरम होतं.

"मी आत बसतो," मी म्हणालो. "सिस्टिम चालू ठेवून."

सचिन हसला. "तुम्ही बसलात तर तुम्हालाच पकडेल ना ते."

"हललो तर. मी हलणार न्हाई."

पण वेळ वाईट होती. तो जेवणाचा दिवस. नैवेद्याची ताटं तयार होती, पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील, खीर. ताटं ठेवली की दार ओढून घेतात. महालक्ष्म्या जेवतात, तेवढा वेळ आत कोणी थांबत नाही.

"त्या टायमाला न्हाई जमायचं दादा," कौशल्याबाई म्हणाल्या. "घरचं माणूस बी थांबत न्हाई."

"माणूस न्हाई म्हणूनच तर ते हलतं. गर्दी गेल्यावर मी एकटा पाहिजे आत. न्हाई तर तुम्हाला कधीच कळणार न्हाई."

शेजारची गयाबाई पदर खोचून पुढं आली. "कळून काय करायचंय? देवीचं जेवण बघायचं असतंय का? आन् ते बी परक्या माणसानं?"

मी पिशवी उचलली. मला कोणी परका म्हणालं की मी थांबत नाही. पण कौशल्याबाईंनी हात आडवा केला.

"थांबा. दादा, डोळे मिटून बसाल का?"

"डोळे मिटून काय बघू?"

 बाईंनी मुलाकडं बघितलं, मुखवट्यांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "बसा. उघड्या डोळ्यानं बसा. फक्त जे दिसंल ते मला खरं सांगा. चांगलं वाटावं म्हणून न्हाई."

हूटरची वायर मी काढून ठेवली, म्हणजे आवाज होणार नाही. सचिनला पॅनलपाशी उभं केलं. ताटं आली. मी भिंतीला पाठ लावून बसलो, हात मांडीवर. दार लागलं.

खोलीत नुसती समई. दोन महालक्ष्म्या उभ्या. लोखंडी स्टँड, वर मुखवटा, खाली घेरदार साडी जमिनीपर्यंत. पुढं त्यांची दोन बाळं, लहानशी, कुंची घातलेली. गळ्यात ठुशी, बोरमाळ, पोहेहार. डोळे मोठे, काजळ भरलेले, आणि सरळ माझ्याकडं. सेन्सरचा ठिपका काळा. माझ्या नाकाला खाज सुटली. हललो नाही. पायाला मुंग्या आल्या. हललो नाही. मिलमध्ये एकदा साहेब म्हणाला होता, तुझ्यासारखा अडेल माणूस बघितला नाही. त्या दिवशी तेच कामाला आलं.

ठिपका लाल झाला.

बाहेरून सचिन, "काका! लागलं! तुम्ही हललात का?"

मी बोललो नाही. कारण थोरल्या महालक्ष्मीच्या निऱ्या हलल्या होत्या. खालचा काठ हळूच उचलला गेला.  साडीच्या आतून एक पंजा आला. मग तोंड. करड्या रंगाची मांजर, पोट आत गेलेलं, सड ओले. तिनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीसारखा बसलेला. ताटाजवळ आली आणि खीर चाटायला लागली. घाईत नाही. दमलेलं माणूस खातं तसं, मधे थांबून, डोळे मिटून. पोट भरल्यावर वळली आणि निऱ्या सारून परत आत गेली. आणि आतून आवाज आला. बारीक, दोन-चार गळ्यांचा.

इतक्या आरत्या झाल्या, टाळ वाजले, घरभर बाया नाचल्या, आणि या सगळ्याच्या मधोमध, साडीच्या आत, एक जीव कोणाला न कळता बाळंत झाला होता. गर्दी असली की चिडीचूप. गर्दी गेली की तेवढंच पोटापुरतं बाहेर. मी तिथंच बसून राहिलो. उठायचं सुचलंच नाही.

बाहेर येऊन जसं होतं तसं सांगितलं.

"मांजर?" सचिन म्हणाला. "म्हणजे नैवेद्य उष्टा झाला! काढा तिला बाहेर."

"हात लावायचा न्हाई!" कौशल्याबाई एवढ्या जोरात ओरडल्या की गयाबाईचं तोंडसुद्धा बंद झालं. त्या आत गेल्या, गुडघ्यावर बसल्या, साडीचा काठ बोटभर उचलून बघितलं. परत आल्या तेव्हा डोळे भरलेले. "लेक माहेराला येऊन बाळंत झाली. आन् तिला काढू म्हणतोस? गिरणीतलीच हाय ती माझी. आठ दिवस झाले, दिसंना म्हणून घोर लागलेला."

"बाळंतिणीला खीरच लागती की," गयाबाई म्हणाली. सगळ्या बाया हसल्या.

सचिन हसला नाही. "ठीक आहे. पण मशीनला चोर आणि मांजर यातला फरक कळत नाही, हे तर खरं ना? मग सोनं कोणाच्या भरवशावर?"

बोलणं बराबर होतं. कौशल्याबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी आत गेलो. मग सेन्सरची वायर सोडली.

"मांजरीला फिरू द्या," मी म्हणालो. "आपण कडं सोन्यातूनच नेऊ."

पिशवीत केसासारखी पातळ तार होती. मुखवट्याला मी हात लावला नाही. बाईंनीच ती तार ठुशीतून, बोरमाळेतून, पोहेहारातून ओवली, मी लांबून सांगत गेलो. दोन्ही देवींच्या मानेमागून खाली, साडीच्या पाठीमागून भिंतीपर्यंत, आणि तिथं झोन तीनला जोडली. दागिना उचलला की तार तुटणार, कडं तुटणार.

"हा एक दागिना जास्तीचा झाला," बाई म्हणाल्या.

तोवर बाया आपापल्या घरी स्वयंपाकाला गेल्या होत्या. हूटर परत जोडला. सचिनला म्हणालो, "हं. चोर हो."

"मी?"

"शक तुलाच हाय ना?"

त्यानं जपून, दोन बोटांनी बोरमाळ उचलली. हूटर असा ओरडला की गिरणीचा पत्रा थरथरला. गल्ली धावत आली. सगळ्यात पुढं गयाबाई. पोळ्या अर्ध्या टाकून आलेली, हातात लाटणं, आणि समोर सचिनचा हात देवीच्या गळ्यात.

"अरे मेल्या! पुण्याला जाऊन हेच शिकलास?"

"काकू, टेस्ट आहे, टेस्ट!"

"टेस्टच दावते तुला!"

हूटर बंद करेपर्यंत दारात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. सचिन त्या माणसांकडं बघत राहिला. मग आईला म्हणाला, "राहू दे मुखवटे इथंच." बाईंनी मला जेवायला पाट मांडला.

ताटावर बसायच्या आधी मी निऱ्या सारून आत बघितलं. वाटलं, एवढ्या आवाजात मांजर पळाली असणार. पळाली नव्हती. पिलांवर आडवी पडून होती, कान मागं, डोळे माझ्यावर. अंग थरथरत होतं, पण जागा सोडली नव्हती. एवढी वर्षं मी राखणीच्या वस्तू बसवत आलो. अशी राखण पहिल्यांदा बघितली.

या धंद्यात शिकायचं एवढंच. मशीन ओरडलं की लोक एक तर शिव्या देतात, नाहीतर हात जोडतात. दोन्ही करायच्या आधी खोलीत कोण आहे ते बघावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सांगितलं, बॅटरी एकदा बघून येतो. पहिली एसटी धरली, पिंपळगावच्या स्टँडवर उतरून दूध घेतलं, आणि बॅटरीकडं न बघता सरळ आत जाऊन निऱ्यांपुढं वाटी ठेवली.