‘सा’ने सुरू होणारं एक्केचाळिसावं गाणं

आधीच सांगतो, अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही ‘आहे’ असं म्हणायला जीभ रेटत नाही. आमचं घर बौद्ध. अंगात येणाऱ्या एका बाईला वडिलांनी भर गल्लीत असे काही प्रश्न विचारले होते की ती चपला टाकून गेली. हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. मी जळगावला एका सरकारी कार्यालयात रेकॉर्ड सांभाळतो. वय त्रेपन्न. कागद दिसला की आधी सही आणि शेरा बघणारा माणूस. तरी लिहितोय... कारण यातलं अर्धं अमानवीय असेल किंवा नसेल, उरलेलं अर्धं मी स्वतः केलंय, आणि ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

माझी धाकटी बहीण शारदा धुळ्याला एका खाजगी दवाखान्यात नर्स. लग्न केलं नाही. देवपुरात तळमजल्यावर दोन खोल्या, त्यात ती आणि आमची माय. मायला एकदा अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, काठी धरून चालायची. मी दर शनिवारी सुटीला एसटीने पारोळामार्गे धुळ्याला जायचो.

काही वर्षांपूर्वी शारदाने मोबाइलवर जपानीचा क्लास लावला. तिकडे म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला नर्स लागतात, त्यासाठी. पुण्याच्या मॅडम शिकवायच्या, आणि त्यांची एक पद्धत होती. प्रत्येकीला एक अक्षर वाटून द्यायचं. त्या अक्षराने नाव सुरू होणारी जपानी गाणी शोधायची, रजिस्टरात लिहायची आणि पुढच्या वेळी एक ओळ म्हणून दाखवायची. शारदाला ‘सा’ मिळालं.

“लॉटरी लागली, भाऊ,” ती म्हणाली. “अर्धी गाणी साकुराची, उरलेली सायोनाराची.”

“मग सारेगमचा ‘सा’ आपल्याकडे नव्हता का?” मी म्हणालो.

लाल पुठ्ठ्याचं लांब रजिस्टर, तीन रकाने. पहिल्यात त्यांच्या लिपीत नाव, दुसऱ्यात आपल्या लिपीत उच्चार, तिसऱ्यात अर्थ. एक लक्षात राहिलंय — सामुइ हेया नो मादो, थंड खोलीची खिडकी. मायच्या पायाला तेल लावताना शारदा ही नावं घोकायची. माय वैतागून म्हणायची, “बठ्ठा गाना सारखाच शेतस वं शारदा. एखादं आपलं म्हन ना.” आणि दोघी हसायच्या.

मग मायला दुसरा झटका आला. वाचा गेली, तिने अंथरूण धरलं. शारदाने जपानच्या नोकरीसाठी अर्ज केला होता, तो ती मागे घ्यायला निघाली. मीच तिला थांबवलं. म्हणालो, “तुझी निवड झाली तर मायला मी जळगावला नेईन.” हे मी स्वतःच्या तोंडाने म्हणालो होतो.

वॉर्डात फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, म्हणून अर्जात दुसरा नंबर तिने माझा दिला होता. एका शनिवारी दुपारी ती ड्यूटीवर, मी मायजवळ. जपानला नर्स पाठवणाऱ्या संस्थेचा फोन आला. शारदा मॅडमची निवड जवळजवळ नक्की आहे, सोमवारी शेवटची मुलाखत, होकार आत्ताच हवा.

आमचं जळगावचं घर, दोन मुलं, मायचं अंथरूण, डायपर, बायकोचा चेहरा... एवढं सगळं डोळ्यांपुढून गेलं. बायको मला काही बोलली नव्हती. तिचं नाव मी पुढे करणार नाही. मी म्हणालो, “तिचं लग्न ठरलंय. ती आता जाणार नाही.”

“बरं सर, मग पुढच्या उमेदवाराला घेतो.”

एवढंच. मी वळून पाहिलं तर माय टक्क जागी. “ऑफिसचा फोन व्हता, माय,” मी म्हणालो, आणि उगाच पाण्याचा ग्लास तिच्या तोंडाला लावला. तिने ओठ मिटून घेतले. मला वाटलं, तहान नसेल.

शारदा रोज विचारायची. शेवटी म्हणालो, “मी विचारतो त्यांना,” आणि चार दिवसांनी सांगितलं, दुसरीला घेतलं. तिने विश्वास ठेवला. मोठा भाऊ खोटं का बोलेल? क्लास सुटला. त्या दिवाळीच्या साफसफाईत रजिस्टर रद्दीत आलं. ‘जळगावला देतो’ म्हणून मी पिशवीत घातलं, पण देववलं नाही. रेकॉर्ड रूममध्ये माझ्या लोखंडी कपाटात ठेवलं. सवयीने शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ मारली, ‘एकूण नोंदी ४०’ लिहून सही केली, खाली कुणी काही घुसडू नये म्हणून. तेव्हा जमा होणाऱ्या प्रत्येक रजिस्टरच्या शेवटच्या पानाचा फोटो काढत होतो, तसा याचाही काढला.

माय त्यानंतर तीन वर्षं होती. माझ्या हातून ती पाणी घेत नसे. शारदा मला हसायची, “ग्लास वाकडा धरतोस भाऊ. ठसका लागेल म्हणून घाबरते ती. रेकॉर्ड सांभाळ तू.”

गेल्या वर्षी माय गेली. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, मी कामावर आलो. मनात आलं, शारदा आता मोकळी आहे, रजिस्टर तरी परत द्यावं. दुपारी जेवणाच्या सुटीत कपाट उघडून शेवटचं पान काढलं.

रेघेखाली, माझ्या सहीच्याही खाली, एक्केचाळिसावी नोंद होती.

त्यांच्या लिपीत नाव. शेजारी उच्चार — साएगिरारेता देन्वा. अर्थाचा रकाना कोरा. शारदा अक्षरांवर शिरोरेघ देत नाही, इथेही नव्हती. मी फोनमधला तेव्हाचा फोटो उघडून पाहिला. चाळीस, रेघ, सही, आणि खाली कोरा कागद.

त्या लिपीवर मोबाइल धरून अर्थ काढला. ‘अडवलेला फोन’.

पहिला संशय आमच्या शिपायावर, वसंतावर. “साहेब, मला मराठी अर्ज धड लिहिता येत नाही आणि जपानी कुठलं?” तो म्हणाला. दुसरा बायकोवर. पण किल्ली माझ्या करदोट्याला असते, आणि तिला त्या फोनचं माहीतच नाही. मग राहिली शारदा. तिने या कार्यालयाची पायरी कधी चढलेली नाही. पण माझ्या डोक्यात एकच घोळत राहिलं — हिला कळलंय. कुणीतरी सांगितलंय. ही माझी परीक्षा घेतेय. नेटवर त्या नावाचं गाणं शोधलं, मला सापडलं नाही. म्हणजे मुद्दाम रचलंय, असं धरून मी शनिवारी धुळं गाठलं.

शारदा कपडे घड्या करत होती. मी रजिस्टर पुढे ठेवलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिलो, चोर पकडायला आल्यासारखा.

“अगं बाई, हे आहे होय अजून?” ती खरंच खूश झाली. पानं उलटत शेवटी आली आणि थबकली. “हे माझंच अक्षर, भाऊ. पण मी नाही लिहिलं. देन्वा म्हणजे फोन. पहिला शब्द मला येत नाही... कधी शिकलेच नाही. थांब, बघते.” तिने मोबाइल उचलला.

तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. लपवणारा माणूस मी ओळखतो, रोज आरशात बघतो.

“बघू नको,” मी म्हणालो. “मी सांगतो.”

अर्थ सांगितला. मग बाकीचंही सांगितलं, त्या शनिवारचं, एकेक वाक्य, पुढच्या उमेदवारापर्यंत. ती घडी घातलेलं मायचं लुगडं मांडीवर घेऊन ऐकत होती. मग विचारलं, “माय जागी होती तेव्हा?”

“हो.”

“तिने ऐकलं?”

“हो.”

“म्हणून ती तुझ्या हातचं पाणी घेत नव्हती,” शारदा म्हणाली. “आणि मी तुला ग्लास धरायला शिकवत होते.”

तिने रजिस्टर मिटून आपल्याकडे ठेवलं. “तू आता जा, भाऊ,” म्हणाली.

ती नोंद कुणी केली, मला माहीत नाही. माय निरक्षर होती. ती नावं तिने फक्त ऐकली होती, आणि हे नाव तर शारदानेही कधी घोकलं नव्हतं. फोटो माझ्याकडे अजून आहे. कुणाला काही कारण सुचलं तर जरूर सांगा, पटेल ते मी आनंदाने मान्य करीन.

ह्याला आठ महिने झाले. मी फोन केला तर ती उचलत नाही. मी आता धुळ्याला जात नाही. शनिवारी दुपारी फोन समोर ठेवून घरीच बसतो.