तिघांच्या नावावरची सहल

सौदीतल्या ताइफच्या डोंगरातली ती सहल मी तिघांसाठी ठरवली होती आणि गेलो एकटाच. बायको आणि मुलगी दोन वर्षांपूर्वी नाशिकला परतल्या होत्या. कुटुंबातल्या माणसामागे सरकारला भरायची फी दरवर्षी चढत गेली, तशी राबिघच्या आमच्या कॉलनीतल्या कितीतरी जणांनी बायकामुलं परत पाठवली. आम्हीही त्यातलेच. "वर्षभराचा तर प्रश्न आहे," असं मी विमानतळावर म्हणालो होतो. त्यानंतर तीन खोल्यांचा फ्लॅट मी तसाच ठेवला. मुलीची खोली दर शुक्रवारी झाडून घ्यायचो. कुणी विचारलं की सांगायचो, "येतील आता."

कंपनीत तेव्हा सौदीकरणाचा जोर होता. माझ्या जागेवर बसणार असलेला स्थानिक तरुण माझ्याच शेजारी बसून काम शिकत होता. हुशार होता, आणि त्याचाच मला राग यायचा. ढ असता तर निदान दोन वर्षं निश्चिंत गेली असती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघींना व्हिजिट व्हिसावर बोलवायचं मी ठरवलं. बेत साधा होता. या देशाला उठताबसता वाळवंट म्हणून नावं ठेवणाऱ्या मायलेकींना हिरवा डोंगर दाखवायचा, थंड हवेत पोटभर जेवू घालायचं आणि मग हळूच विषय काढायचा, की राहता का परत इथेच? व्हिसा आला. आणि सहलीच्या आठवड्यात मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, व्हॉट विल वी डू देअर?" तिच्या आईने फोन घेतला. "तिचे क्लासेस बुडतात रे. पुढच्या वेळी बघू." मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि ओट्यावरची घासलेली भांडी पुन्हा घासली. मग सहल रद्द करायचीच नाही, असा हट्टाला पेटलो.

जेद्द्याला पहाटे मिनीबसपाशी गेलो, तर गाइड माझ्या मागे बघायला लागला. तोही सौदी तरुण, कोऱ्या बिल्ल्याचा. हे कामही आता स्थानिकांनाच मिळत होतं. सहल फक्त कुटुंबांसाठी होती. त्या देशात बायको जवळ नसलेला पुरुष म्हणजे बॅचलर, मग त्याला घरी नातवंडं का असेनात. हॉटेलात त्याचा दरवाजा वेगळा, काही बागांत तर त्याला प्रवेशच नाही. "फॅमिली?" गाइडने विचारलं. "आली नाही," मी म्हणालो. त्याने डोकं खाजवलं. "ओके. यू आर फॅमिली. टुडे स्मॉल फॅमिली." असं म्हणून त्याने मला आत घेतलं. माझ्या मागच्या दोन सीट रिकाम्या राहिल्या.

बसमध्ये मी सोडून सगळे मुसलमान होते. त्यांना मक्केवरून सरळ जाता आलं असतं, पण इतरांना तिथे प्रवेश नाही, म्हणून माझ्यासाठी बसला बाहेरच्या रस्त्याने वळसा घालावा लागला. कुणी काही बोललं नाही. रत्नागिरीकडची एक बाई तेवढी मागे वळून म्हणाली, "काय ओ भाऊ, घरातली मानसा नाय आनलीत?" तिचा नवरा जेद्द्यात मसाल्याचा व्यापारी होता. "येतील पुढच्या महिन्यात," मी सांगितलं. इतक्या दूर आपली भाषा कानावर पडली, तर मी तिच्यातही थापच मारली.

घाट चढला तशी हवा बदलली. कठड्यांवर माकडं बसली होती. दरीत उतरत गेलेल्या दगडी बांधांच्या पायऱ्या होत्या, त्यांतल्या काहींवर अंजिराची आणि डाळिंबाची झाडं, बाकी ओसाड. पोरं शहरात नोकरीला गेली, बांध कोण घालणार, असं गाइड म्हणाला. ते ऐकून मला का कोण जाणे बरं वाटलं. मग इतरांची छत्रीखाली उभं राहून फोटो काढायची धांदल सुरू झाली, कारण पावसाचे चार थेंब पडत होते. प्रत्येक घरातल्या बाईने आपला फोन माझ्याकडे दिला. फ्रेममध्ये नसलेला माणूस मीच एकटा होतो.

दुपारचं जेवण ताइफच्या वर, शफाजवळच्या एका गावात, गाइडच्या आत्याच्या दगडी घरात होतं. पुरुष पुढच्या बैठकीत, बायका आत. एका थाळीभोवती सहाजण बसलो आणि भातात हात घातला. तेवढ्यात आत्याबाई दारातून काहीतरी विचारू लागल्या. गाइडचा चेहरा पडला. त्याने त्यांना सकाळी माझी माणसं धरून आकडा सांगितला होता, आणि आत दोन जागा रिकाम्या होत्या. घरात बायका असताना एकटा पुरुष आणलास, हे त्यांच्याकडून ऐकायची त्याची छाती नव्हती. तो म्हणाला, त्या दोघींना घाट लागला, बसमध्ये पडल्यात. दोनचार शब्दांवरून आणि बसकडे केलेल्या हातावरून एवढं मला कळलं. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो.

थोड्या वेळाने बघतो, तर आत्याबाई झाकलेली थाळी आणि रेहानच्या दोन जुड्या घेऊन अंगणाबाहेर निघालेल्या. रेहान म्हणजे आपल्या सब्ज्यासारखं, वास घेतला की मळमळ थांबते म्हणे. मी खरकट्या हाताने मागे धावलो, माझ्यामागे गाइड. आम्ही पोचेपर्यंत त्या बसमध्ये चढल्या होत्या. एकेका सीटपाशी वाकून बघत होत्या. मग त्या माझ्याकडे वळल्या.

माझं अरबी प्लांटमधलं. त्यात चल म्हणायला यल्ला होतं, संपलं म्हणायला खलास होतं, पण अडचण, क्लासेस, पुढच्या वेळी बघू, यातलं काही नव्हतं. आहे तेवढ्यात सांगावं लागलं. "मदाम इंडिया. बिंत इंडिया." बायको तिकडे, मुलगीही तिकडे. आणि मग जे मी कॉलनीत, फोनवर, स्वतःशीसुद्धा कधी बोललो नव्हतो ते बोललो. त्या येणार नाहीत. खलास. तेही परक्या बाईसमोर, हाताला भात लागलेला.

त्या भाच्याला रागावल्या असतील नसतील, आठवत नाही. त्यांनी थाळी सीटवर ठेवली आणि मला काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. गाइडने इंग्रजीत सांगितलं, "आत्या विचारते, तू कधी जाणार?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. सगळे विचारायचे, त्या कधी येणार? मीही दोन वर्षं तेवढंच विचारत आलो होतो. नोकरी तर जाणारच होती. तरी तिच्यावरची मूठ सोडवत नव्हती, आणि त्या दोघींनी मात्र सगळं टाकून यावं, असं मला वाटत होतं.

परतीला घाट उतरून रेंज आली तसा मी नाशिकला फोन लावला. आज पहिल्यांदाच मला बायकोला काही चांगलं सांगायचं होतं.

"मी परत यावं म्हणतोय," मी म्हणालो.

मागे मिक्सर चालू होता. तो तिने बंद केला.

"ये ना," ती म्हणाली. "किती दिवसांसाठी?"